उद्ध्वस्त जगात नायक टिकत नाही? चूक!

पुण्यातल्या टेबलटॉप रोलप्लेइंगवाल्यांत, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत, फासे टाकत गोष्ट खेळणाऱ्यांत, एक समज घट्ट बसलाय: जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या मोहिमेत निर्दयी पात्रच तगतं. नियम तसं म्हणत नाहीत. 2010च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या अशाच खेळात दोन फाशांची बेरीज, अधिक पात्राच्या गुणाचा आकडा, 7 ते 9 भरली की काम होतं, पण किंमत मोजून. नायकपण त्या किमतीतच असतं.

गडबड खेळ चालवणाऱ्याकडून होते. अन्नपाण्याचा साठा मोजलेला नसतो, आणि आसरा दिलेला प्रत्येक अनोळखी दरोडेखोरच निघतो. मग मदत करणार कोण?

आकडे उघड मांडा. समजा, पर्वतीवर 30 लिटर पाणी, माणसं 5, माणशी रोज 2 लिटर: 3 दिवस. दारात 4 जण, त्यात तापाने फणफणलेलं पोर. आत घेतलं, तर पाणी दुसऱ्याच दिवशी संपतं.