बर्फाळ घाटरस्त्यांवरील बसचालकांचे प्रशिक्षण

बर्फ साचलेल्या किंवा गोठलेल्या डोंगरी रस्त्यावर प्रवासी बस चालवण्यासाठी चालकाला दिले जाणारे विशेष प्रशिक्षण. भारतात त्याची गरज मुख्यतः हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, लडाख आणि सिक्कीम या भागांत पडते.

सातारा जिल्ह्यात असे रस्ते नाहीत. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात, तेव्हा बातम्यांमध्ये त्याचे ‘मिनी काश्मीर’ होते. पण हिमकण दिसतात ते गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, फार तर गाड्यांच्या टपांवर. डांबर गोठत नाही. तरीही हा विषय इथे परका नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या जवान सैन्यात गेले आणि लडाखच्या रस्त्यांवर रसद वाहण्याचे काम सैन्याचे चालकही करतात. शिवाय महाराष्ट्रातून चारधाम आणि मनालीच्या सहलींना बस जातात. त्या बसचा चालक बहुधा पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली अशा घाटांत तयार झालेला असतो.

हा घाटाचा अनुभव अर्ध्या वाटेपर्यंतच कामाला येतो. पावसाळ्यात धुके, पहिल्या सरीत वर आलेला तेलाचा थर आणि जांभ्याचा लाल चिखल यांना तोंड दिलेला चालक वळणाआधी वेग कमी करतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो, गाडी न्यूट्रलवर सोडत नाही. ‘ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे’ हा नियम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, कारण सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापून ब्रेक निकामी होतात. खालचा गिअर बर्फावरही हवाच, पण तो उतार लागण्याआधी टाकायचा. उतारावर झटक्याने गिअर खाली आणला किंवा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारी सोय) लावला, की सगळा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो. त्यांची पकड सुटते आणि बसचे शेपूट दरीकडे फिरते. म्हणून निसरड्या बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग कमी करणारे यंत्र) बंद ठेवायला शिकवतात. घाटातल्या चालकाला हे पटायला वेळ लागतो.

मूळ कारण घर्षणाचे. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक, म्हणजे टायरची पकड किती हे सांगणारा आकडा, साधारण 0.7, दाबून बसलेल्या बर्फावर 0.2 आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर 0.1 किंवा त्याहूनही कमी असतो. ताशी 40 किमी वेगाची बस सपाटीवर ब्रेक लावल्यापासून अनुक्रमे सुमारे 9, 31 आणि 63 मीटरवर थांबते. उतार दहा मीटरला एक मीटर असेल आणि गुणांक 0.1, तर ब्रेक कितीही दाबा, बस थांबतच नाही. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, वितळण्याच्या बेतात असताना; उणे वीस अंशांत पकड त्या मानाने बरी मिळते. दिसायला ओल्या डांबरासारखा असणारा पारदर्शक थर, म्हणजे ब्लॅक आइस, सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर आधी धरतो, कारण पूल वरून आणि खालून असा दोन्हीकडून थंड होतो. तो थर ओळखायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल.

बर्फावर पकड मिळावी म्हणून चाकांना साखळ्या बांधण्याचा सराव थंडीत, हातमोजे घालून करून घेतात. साखळी इंजिनाची ताकद पोचणाऱ्या चाकांना, म्हणजे बसच्या मागच्या चाकांना, आणि चढ लागण्याआधी सपाट जागी बांधायची. अडकल्यावर बांधणे जिकिरीचे आणि धोक्याचे. थोडे अंतर गेल्यावर ती पुन्हा आवळावी लागते. कोरडा रस्ता लागताच काढावी, नाहीतर तुटून टायर फाडते.

पाणी सोडून निसरड्या केलेल्या मैदानावर घसरलेली गाडी सावरायला शिकवण्याची पद्धत उत्तर युरोपात रूढ आहे. नॉर्वेत परवान्यासाठी निसरड्या मैदानावरचा पाठ सक्तीचा आहे. मात्र याच देशांत असे आढळले की केवळ सावरण्याचे कौशल्य शिकवले तर चालकांना, विशेषतः तरुणांना, फाजील आत्मविश्वास येतो. तेव्हापासून तिथला भर घसरण्याची वेळच येऊ न देण्यावर आला.

हिमालयात रस्ते सुधारले तसे धोक्याच्या जागाही बदलल्या. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किमी लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यावर 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड टाळता येऊ लागली. पण बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावर वेग घेतलेली गाडी तोंडाशी एकदम बर्फावर येऊ शकते. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी बोगद्यात डोळ्यांना फक्त उजेड-अंधार सांभाळावा लागतो. अटल बोगद्यात मात्र बोगदा संपण्याच्या बऱ्याच आधी वेग कमी करावा लागतो.

डोंगरात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा भारतीय वाहतूक नियमांतला दंडक बर्फात अधिकच गरजेचा ठरतो, कारण चढावर थांबलेली बस पुन्हा हलेलच असे नाही. कोणत्या परिस्थितीत बस प्रवासाला काढायचीच नाही, हेही अभ्यासक्रमात असते. सहलीच्या बसमध्ये मुक्कामाची आगाऊ नोंदणी झालेली असते आणि प्रवासी घाई करतात, त्यामुळे हा पाठ चालकासोबत सहल व्यवस्थापकालाही द्यावा लागतो.