एमजीबी व्ही-८ इंजिन स्वॅप

एमजीबी ही एमजी कंपनीची दोन दारांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिचं मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढून तिथे रोव्हर या ब्रिटिश कार कंपनीचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर असलेलं इंजिन, बसवतात, त्याला एमजीबी व्ही-८ स्वॅप म्हणतात. जुन्या गाडीत दांडगं इंजिन घालायचे प्रकार जगभर चालतात पण बहुतेक ठिकाणी ताकदीबरोबर नाकावरचं वजनही वाढतं, मग गाडी वळायला जड होते आणि जिच्यासाठी ती घेतली ती मजाच निघून जाते. एमजीबीचं तसं होत नाही. रोव्हरचं व्ही-८ सीसीने जवळपास दुप्पट असूनही एमजीबीच्या बिडाच्या इंजिनापेक्षा साधारण १८ किलोने हलकं आहे, आणि हा स्वॅप इतकी वर्षं टिकला त्याचं खरं कारण हेच.

हे इंजिन मुळात रोव्हरचं नाहीच, ते अमेरिकन आहे. जनरल मोटर्सने १९६१ ते १९६३ या काळात ब्युइक आणि ओल्ड्समोबिलच्या छोट्या गाड्यांसाठी २१५ घनइंचाचं म्हणजे साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-८ बनवलं, ते बनवायला महाग पडलं म्हणून बंद केलं. रोव्हरचे विल्यम मार्टिन-हर्स्ट यांना ते अमेरिकेत मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत दिसलं आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. पुढे ते रोव्हर ३५००, मॉर्गन प्लस एट, रेंज रोव्हर अशा कितीतरी गाड्यांत गेलं, म्हणूनच इंग्लंडमध्ये ते भंगारवाल्यांकडेही सहज मिळायचं. रेसर जॅक ब्रॅबहमने १९६६ ची फॉर्म्युला वन अजिंक्यपद स्पर्धा ज्या रेप्को इंजिनावर जिंकली त्याचा ब्लॉकसुद्धा याच इंजिनाच्या ओल्ड्समोबिल भावंडाचा.

वजनाचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते बघायचं असेल तर एमजीसी बघावी. १९६७ मध्ये कंपनीने स्वतःच एमजीबीच्या बॉडीत २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन घातलं, १४५ हॉर्सपॉवर मिळाली पण इंजिन चार सिलिंडरपेक्षा जवळजवळ ९५ किलोने जड. त्यासाठी पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला, आणि तरीही स्टेअरिंग फिरवलं की गाडी सरळच जायला बघते अशी टीका झाली. दोन वर्षांत एमजीसी बंद पडली. जवळपास तेवढ्याच ताकदीची पण हलक्या व्ही-८ इंजिनाची एमजीबी मात्र हौशी लोकांनी डोक्यावर घेतली.

ती आधी कंपनीने नाही, केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने बनवली. हा आधी मिनी गाड्यांची रेस करायचा, १९७० च्या आसपास त्याने एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ बसवून अशा गाड्या विकायला सुरुवात केली. ब्रिटिश लेलँड या एमजी आणि रोव्हरच्या मालक कंपनीच्या लोकांनी त्याची गाडी मागवून बघितली आणि मग अ‍ॅबिंग्डनला स्वतःची बनवायला सांगितली. ऑगस्ट १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ आली, ३५२८ सीसी, १३७ हॉर्सपॉवर, ताशी २०० किलोमीटरपर्यंत पळणारी. म्हणजे मूळच्या ९५ हॉर्सपॉवरच्या गाडीपेक्षा ताकद दीडपटीच्या जवळ, पण खरा फरक टॉर्कचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराचा, टॉप गिअरमध्ये कमी स्पीडवरून नुसता पाय दाबला तरी गाडी ओढते. नशीब मात्र वाईट निघालं, दोनच महिन्यांत तेलसंकट आलं, किंमतही जास्त होती, उघड्या टपाची आवृत्ती कंपनीने काढलीच नाही आणि अमेरिकेत गाडी विकलीच नाही. १९७६ पर्यंत फक्त २,५९१ गाड्या बनल्या. माझ्या मते कंपनीने इथे हातातली चांगली गाडी वाया घालवली, आणि म्हणूनच पुढचं सगळं काम लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये केलं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन खोबणीत उतरतं, पण नुसतं उतरणं म्हणजे स्वॅप नाही. सगळ्यात जास्त डोकं खाते ती एक्झॉस्टची जागा. व्ही-८ ला दोन्ही बाजूंना मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरचा धूर गोळा करणारे पाइप, असतात आणि एमजीबीत स्टेअरिंगचा दांडा एका बाजूच्या मॅनिफोल्डला अगदी चिकटून खाली जातो, त्यामुळे ब्लॉकला लागून खाली वळणारे पाइप लावले तर दांडा आणि पाइप यांच्यात बोटभर फट राहते, आणि इंजिन झटका देऊन हललं की तीही कमी होते. शिवाय ती सगळी उष्णता इंजिनच्या खोबणीतच कोंडून राहते, स्टार्टर तापतो, वायरी कडक होतात, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लालकडे सरकतो. यावर चांगला तोडगा म्हणजे पुढच्या चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून पाइप तिथून चाकाच्या पोकळीत काढायचे आणि मग खाली न्यायचे. पत्रा कापायला जीवावर येतं हे खरं, पण उष्णता बाहेर पडते आणि स्टेअरिंगचा दांडा मोकळा राहतो. कंपनीने पुढे १९९२ च्या एमजी आरव्ही८ या गाडीत हीच पद्धत वापरली.

रेडिएटर पुढे सरकवावा लागतो आणि इंजिनवरचा पंखा काढून पुढे दोन इलेक्ट्रिक पंखे लावतात. ऑइल फिल्टर जिथे लटकतो तिथे जागा नसते म्हणून तो होजपाइप जोडून बाजूला कुठेतरी बसवतात. कार्ब्युरेटर वर बसवले तर बॉनेट बंद होत नाही, कॉस्टेलोने बॉनेटला फुगवटा दिला, कारखान्याने दोन एसयू कार्ब्युरेटर मागच्या बाजूला आडवे नेऊन बॉनेट सपाटच ठेवलं. १९७४ च्या शेवटी आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांत पुढची पत्र्याची रचना व्ही-८ साठी केलेल्या बदलांसकट आली, त्यामुळे स्वॅपला त्या सोप्या पडतात, जुन्या क्रोम बंपरवाल्यांत जास्त कापाकापी करावी लागते.

गिअरबॉक्स बदलायलाच हवा. कारखान्याने जुनाच चार गिअरचा सुधारून वापरला आणि तो त्या गाडीचा कच्चा दुवा ठरला, स्वॅपवाले मात्र रोव्हरच्या एसडी१ या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स लावतात. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर मूळचं ३.९, ते तसंच ठेवलं तर इंजिन हायवेवर उगाच ओरडत राहतं, कारखान्याने ३.०७ केलं होतं. ब्रेक आणि मागचे पाटे यांच्याकडे दुर्लक्ष करणारे बरेच असतात, आणि मला याचाच राग येतो. पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर घातल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर आणूच नये, आणि मागे अजून पाट्याच्याच स्प्रिंगा आहेत हे जोरात क्लच सोडल्यावर अ‍ॅक्सल थडथडायला लागला की कळतं. इंजिन महिनाभरात बसवता येतं पण ब्रेक, कूलिंग, वायरिंग नीट करायला जो वेळ लागतो तोच खरा स्वॅप.

अमेरिकेत लोक मूळचं ब्युइक २१५, फोर्डचं ३०२ व्ही-८ किंवा शेव्हरोले कमारोचं ३.४ लिटर व्ही-६ सुद्धा घालतात. फोर्ड ३०२ बिडाचं आहे, ताकद मिळते पण नाक जड होतं, म्हणजे एमजीसीचीच गोष्ट थोड्या प्रमाणात परत. रोव्हरमध्येच राहायचं असेल तर रेंज रोव्हरचं ३.९ किंवा ४.६ लिटरचं इंजेक्शनवालं इंजिन आजकाल जास्त पसंत करतात.

ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबीची नवी कोरी बॉडी परत बनवायला घेतली, त्याच पायावर १९९२ मध्ये एमजी आरव्ही८ आली, ३.९ लिटर आणि १९० हॉर्सपॉवर. सुमारे दोन हजारच बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. जी उघड्या टपाची व्ही-८ लोक वीस वर्षं घरी बनवत होते ती अखेर कारखान्यातून निघाली.

आपल्याकडे एसडी१ ची बॉडी मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड २००० च्या रूपात १९८५ मध्ये आली, पण व्ही-८ ऐवजी तिच्यात दोन लिटरचं जुनं इंजिन घातलं, त्यामुळे स्वॅपसाठी इंजिन इथे मिळायची सोय कधी झालीच नाही. कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण त्यासाठी इंजिन, चासी, बॉडी मूळ रूपात असावी लागते. म्हणजे इथल्या जुन्या एमजीबीत व्ही-८ घातलं की आरटीओच्या दारात विंटेजचा मार्ग बंद होतो, मूळ इंजिन जपून ठेवलं असेल तर ते परत बसवून घेणं हाच एक रस्ता उरतो.