भय की गूढ? सीमाभागातल्या वाचकांच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानातला देवचार, माळावरचा मुंजा, तिठ्यावरचा उतारा यांवर कुणी कधी मत दिलं नाही. लोक नुसते भ्यायचे. मतं फुटली ती भुताखेतांची पुस्तकं भाड्याने घरी यायला लागल्यावर: यांना भयकथा म्हणायचं की गूढकथा?

1956 मध्ये राज्य बदललं, तरी बेळगाव, निपाणी, खानापूरची मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहूनच येत राहिली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भयकादंबऱ्यांना नंबर लावावा लागे. माझ्या हाती आलेल्या एका प्रतीचं शेवटचं पानच नव्हतं. आदल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘शेवट फसलाय, वाचायचा राहिला तरी बिघडत नाही काही.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात: ‘तुम्हीच फाडला काय ओ?’

खरा घोळ झाला तो ‘गूढकथा’ या शब्दाने. भयकथेत संकट अंगावर येतं, ते पात्राला गाठणार हे वाचकाला कळतं आणि तेच सोसवत नाही. गूढकथेत घडलं ते नेमकं काय, याचाच पत्ता लागत नाही. रहस्यकथेत शेवटी खुनी सापडतो. तिघींचा पोत वेगळा. पण ‘भय’ म्हणजे हलकं आणि ‘गूढ’ म्हणजे घरात चालण्यासारखं, अशी समजूत रुजली. आमच्या वाचनालयाने तर भयकथांचं कपाट मोडून सगळं ‘रहस्य-गूढ’मध्ये घातलं. पालकांच्या तक्रारी होत्या म्हणे. माझ्या मते तो निर्णय चुकलाच. भूत शोधणाऱ्याला इन्स्पेक्टर मिळाला आणि मनाचा तळ शोधणाऱ्याला हडळ. दोघांनीही पुस्तकाला नावं ठेवली. ‘मराठीत भयकथाच नाही’ हे मत मला तरी त्या कपाटातून आलेलं वाटतं.

इंटरनेट आल्यावर काही गाजलेल्या कादंबऱ्यांच्या कथानकाचा सांगाडा अमेरिकन कादंबऱ्यांतून उचलल्याचं बोललं जाऊ लागलं. तरुण वाचक चिडले. जुन्यांचं म्हणणं, वाडा नि विहीर तर आपलीच होती की!

महाराष्ट्रात 2013 मध्ये आणि कर्नाटकात 2017 मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदे झाले, तेव्हा अशा भयकथा अंधश्रद्धा पसरवतात का, हा प्रश्न पुन्हा निघाला. दोन्ही कायदे अघोरी कृत्यांविषयी आहेत, कथांविषयी नाहीत. वाद घालणाऱ्यांना तेवढं वाचायची सवड नसते.

आता कथा ऑडिओवर येतात, कानात वाजतात. अभिप्राय पुस्तकापेक्षा आवाजावर जास्त येतात, आणि शीर्षकात ‘गूढ’ सहसा नसतंच, ‘हॉरर’ असतं.