आधी उकडा, मग जाळा: प्रयोगशाळेतल्या पिवळ्या पिशवीची पार्श्वभूमी

पुण्यात विषाणूंवर संशोधन १९५२ पासून चालू आहे; जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले १९९८ मध्ये. तेही रुग्णालयांच्या निमित्ताने. १९९६ च्या दिल्लीतल्या खटल्यात पन्नास किंवा जास्त खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळायची भट्टी बसवायला सांगितले गेले, त्यानंतर दोन वर्षांनी देशभराचे नियम निघाले. व्याख्येत संशोधनातला कचरा होता, पण कचरा करणाऱ्यांच्या यादीत पॅथॉलॉजी लॅब आणि प्राणिगृह होते, संशोधन संस्था हे शब्द नव्हते. ते २०१६ मध्ये आले.

खरा घोळ ‘पूर्वप्रक्रिये’चा, म्हणजे कचरा बाहेर देण्याआधी निर्जंतुक करण्याचा. १९९८ च्या दहा वर्गांत कल्चर प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, तिसऱ्या वर्गात होत्या आणि हा वर्ग पिवळ्या पिशवीतही होता, लालमध्येही. जाळायच्या तर पिवळी, ऑटोक्लेव्ह करायच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेत उकडायच्या, तर लाल. २०१६ मध्ये वर्ग गेले, चार रंग राहिले, आणि ‘किंवा’च्या जागी ‘आधी हे, मग ते’ आले: जागेवरच निर्जंतुक करा, नंतर पिवळ्या पिशवीतून भट्टीला द्या. त्यात क्लोरीनचे रसायन नको, कारण असा माल जाळताना डायॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. म्हणजे बाकावरची हायपोची (सोडियम हायपोक्लोराइटची) बाटली इथे बाद.

उकडलेले परत जाळायचे कशाला, हा वाद पुण्यात पाषाणच्या, संशोधन संस्थांच्या भागातल्या टपरीवर चहासोबत अजून रंगतो. भट्टीबद्दल वाद घालावा. जागेवर उकडण्याबद्दल मला तरी काही वाद दिसत नाही. पिशवी टेम्पोत चढवणाऱ्या माणसाला आत काय आहे ते माहीत नसते.

उकडण्यातही गोम आहे. मीडियाला, म्हणजे जंतूंच्या खाद्याला, १२१ अंशांवर पंधरा मिनिटे पुरतात. कचऱ्याला, निर्वात नसलेल्या साध्या ऑटोक्लेव्हमध्ये, नियमाने साठ. पिशवी ठासून भरली, तोंड गच्च आवळले की बाहेरच्या, उष्णता दाखवणाऱ्या टेपवर काळ्या रेघा उमटतात, पण वाफ आत पोचत नाही, आणि मधली प्लेट उघडावी तर अगार (गोठवलेले खाद्य) वितळलेलाच नसतो.

पुढे पिशव्यांवर बारकोड आले, क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायची मुदत मार्च २०१९ पर्यंत वाढली. २०२० मध्ये कोविड चाचण्यांच्या व्हायल (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) आणि पिपेटच्या टिप्सना पूर्वप्रक्रिया करून लाल पिशवी सांगितली गेली. ज्यांनी नुकतेच पिवळे पाठ केले होते, त्यांची पुन्हा उजळणी.

जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांना मात्र १९८९ चे वेगळे नियम आहेत आणि २०१६ चे नियम त्यांना हात लावत नाहीत. त्यांच्या प्लेटा ठेवलेल्या असतात त्याच बाकावर.