नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नव्हे

बूद्वार, म्हणजे शयनगृहातल्या खासगी, शृंगारिक पोर्ट्रेटबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ८५ एमएमची लेन्स शरीर खुलवते, ३५ची बिघडवते (हा आकडा लेन्सची फोकल लांबी: तो जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद आणि जवळचं). दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे.

कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल आणि कान साधारण १२ सेंमी मागे, तर नाक कानाच्या मानाने २४ टक्के मोठं उमटतं. २ मीटरवर तोच फरक ६ टक्के, लेन्स कोणतीही लावा. पडताळायचं तर एकाच जागेवरून दोन्ही लेन्सने, चेहरा मधोमध ठेवून, फोटो घ्या आणि ३५चा फोटो ८५च्या चौकटीइतका कापा. चेहऱ्याची ठेवण जुळेल. पार्श्वभूमीचा धूसरपणा तेवढा वेगळा.

८५ची ख्याती एवढ्यामुळेच, की ती मागे सरकायला भाग पाडते. पण पलंगावर आडवी, १६० सेंमीची आकृती फुल-फ्रेममध्ये, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा भाग), मावायला ८५ला सुमारे ३.८ मीटर लागतात. १० बाय १० फुटांच्या खोलीत भिंत पाडावी लागेल! ३५ला १.६ मीटर पुरतात.

मात्र तेव्हा शरीर सेन्सरला समांतर हवं. गुडघा ६० सेंमी पुढे आला तर तो बाकी शरीराच्या १.६ पट दिसतो, आणि दोष पुन्हा लेन्सवर जातो. फ्रेमच्या कडेला होणारी ओढाताण तेवढी ३५ची स्वतःची. म्हणून चेहरा आणि पावलं कोपऱ्यात नेऊ नका.