डांबर फासलं की मेढ कुजत नाही?

‘गोठ्याच्या मेढीचं बूड डांबरात बुडवून पुरा, कधीच कुजणार नाही,’ असा मेसेज कोल्हापूर भागात फिरतो. डांबर बाहेरचं पाणी अडवतं, हे खरं. पण लाकूड ओलं असेल तर आतलं पाणीही कोंडतं. ओलावा साधारण २० टक्क्यांवर राहिला की बुरशी धरते.

त्याच लाकडाचा तुकडा तोलून आठवडाभर उन्हात ठेवा. वजन बरंच घटलं, तर मेढ अजून ओली. जुनी मेढ जमिनीलगत दाभणानं टोचा. वरून काळी कुळकुळीत, आत भुसा सापडू शकतो.

पाइन टार, म्हणजे पाइनच्या लाकडापासून काढलेलं चिकट द्रव्य, तेही जादू नाही. कच्च्या जवस तेलात निम्मंनिम्मं मिसळून, कोमट करून, वाळलेल्या लाकडावर पातळ हात द्यावा, न मुरलेलं पुसावं. काही वर्षांनी पुन्हा लावावंच लागतं. पुसलेल्या चिंध्या मात्र पाण्यात भिजवून टाका. बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात.