जनुक-संमीलन (कर्करोगातील)

दोन स्वतंत्र जनुकांचे तुकडे एकमेकांस सांधले जाऊन तयार झालेले संकरित जनुक. मराठीत ‘जनुक-संयोग’ असाही शब्द वापरतात; परंतु ‘संयोग’ हा शब्द फलनासाठीही येत असल्याने येथे ‘संमीलन’ स्वीकारला आहे. वैद्यकीय अहवालांत ‘जीन फ्यूजन’ असेच लिहिलेले असते.

१९६० मध्ये पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना दीर्घकालिक मज्जाजन्य रक्तकर्करोगात एक खुजे गुणसूत्र आढळले. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ते ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील तुकड्यांच्या देवाणघेवाणीतून घडते, असे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या सांध्यातून बनलेले बीसीआर-एबीएल प्रथिन पेशीला सतत विभाजनाचा आदेश देत राहते.

संमीलनाच्या मुळाशी डीएनएच्या दोन्ही धाग्यांची तूट असते. बेळगावच्या शहापूर-वडगावात माग चालवणाऱ्यांना पुढचा भाग सहज उमगेल: ताण्याचे दोन धागे एकदम तुटले, तर एकाचे टोक दुसऱ्याला बांधले जाऊ शकते. विणकराला ती चूक दिसते. पेशीतील दुरुस्तीची एक प्रमुख यंत्रणा मात्र मूळ प्रतीशी ताडून न पाहताच टोके जोडते. टोके वेगळ्या गुणसूत्रांची असली तर स्थानांतरण होते, मधला तुकडा उलटा बसला तर व्युत्क्रमण आणि तो गळाला तर लोप. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगातील टीएमपीआरएसएस२-ईआरजी संमीलनात पुष्कळदा २१ व्या गुणसूत्रावरील सुमारे ३० लाख बेसांचा (डीएनएच्या ‘अक्षरां’चा) तुकडा गळालेला असतो.

ठरावीक जोड्याच का जुळतात, याविषयी मतभेद आहे. एका मतानुसार आधी तूट होते व टोके नंतर फिरत एकत्र येतात. दुसऱ्या मतानुसार जनुके आधीपासूनच शेजारी असतात. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगात जुळणारी आरईटी व एच४ ही जनुके दहाव्या गुणसूत्रावर सुमारे ३ कोटी बेसांच्या अंतरावर आहेत. तरीही २००० मधील एका अभ्यासात निरोगी अवटू पेशींपैकी ३५ टक्क्यांत ती लगत दिसली, स्तनपेशींत ६ टक्क्यांतच. २०१३ मध्ये जिवंत पेशींच्या चित्रणात दूरची टोके क्वचितच जुळताना आढळली. त्यामुळे शेजाराचे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र पहिले मत पूर्णपणे बाद होत नाही.

तुटीची कारणे अनेक आहेत: किरणोत्सर्ग, इटोपोसाइडसारखी काही कर्करोग-औषधे, लसीका पेशींतील (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींतील) प्रतिपिंड-जनुकांची नैसर्गिक कापाकापी. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात कर्करोग म्हटला की पहिला प्रश्न तंबाखूचा येतो, आणि तो रास्तच आहे. तथापि २००७ मध्ये जपानमध्ये उजेडात आलेले फुप्फुस-कर्करोगातील ईएमएल४-एएलके संमीलन धूम्रपान न करणाऱ्यांत तुलनेने अधिक आढळते. म्हणून अशा रुग्णाची ही तपासणी टाळू नये.

‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ अहवाल हाती आला, की घराण्यात दोष आहे काय, मुलांच्या सोयरिकीचे काय, ही शंका येणे स्वाभाविक आहे. हा सांधा जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत पडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो व मुलांत उतरत नाही. बीसीआर-एबीएलला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून उपचारात आहे.